बेचाळीस वर्षांत एकच जोड

“अप्पा, आई बरी हाय, पण तुम्ही लगेच या.” विजयचा फोन आला तेव्हाच मला कळलं. बऱ्या माणसासाठी कोणी लगेच या म्हणत नाही. विजय माझा मुलगा. नांदेडच्या दवाखान्यात आईजवळ तोच होता, मी आदल्या संध्याकाळी मुदखेडला घरी आलो होतो. म्हटलं, “खरं बोल. गेली का?” तो म्हणाला, “मिळंल ती गाडी पकडा, अप्पा.” माझ्या बायकोला, सुभद्राला, जाऊन आता दीड महिना झाला. पेपरात मोठ्या माणसांवर लिहून येतं. मी सातवी नापास, चपला-बूट शिवणारा माणूस. पण एक गोष्ट घशात अडकलीय, ती बाहेर काढल्याशिवाय भाकर उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो. गोष्ट एवढीच की जन्मभर मी लोकांच्या पायाची मापं घेऊन जोड शिवले, अन् माझ्या बायकोनं बेचाळीस वर्षं बाजारातली तयार चप्पल घातली.

मी मुळात शकी माणूस. चामडं घेताना वास घेतो, वाकवून बघतो, नखानं खरवडतो, तरी घरी आल्यावर पुन्हा बघतो. गिऱ्हाईक ‘छान झाली’ म्हणालं की मला वाटतं, आता हा भाव पाडणार. लोक विचारतात, शिवून घेण्यात फायदा काय, तुमच्या एका जोडात दुकानातले तीन येतात. मी तोंडावर सांगतो, तुमचा पाय दुकानाच्या नंबरात बसत असंल तर तिकडंच जा, माझं डोकं खाऊ नका. पण कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. गव्हाच्या दाण्याएवढा का होईना, एक मोठा असतोच. दुकानातला जोड दोघांना एकाच मापात घालतो अन् माणूस मोठ्या पायाची समजूत काढत आयुष्य घालवतो. हे मला लातूरच्या उस्तादानं शिकवलं अन् मी ते हजार वेळा दुसऱ्यांना ऐकवलं. ऐकवताना सुभद्रा मागं दारात उभी असायची, पायात रबरी पट्ट्याची चप्पल. गिऱ्हाईक एकदा तिच्या पायाकडं बघायचं, एकदा माझ्याकडं…

न कळणाऱ्या बाईनं माझं काम नाकारलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण ही देवणीकडची. हिचा बाप जनावरांच्या बाजारात बैलांच्या गळ्यातले चामडी पट्टे विकायचा, स्वतःच्या हातानं शिवलेले. लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हा माझ्या पुढ्यातल्या तुकड्यावर अंगठा फिरवून म्हणाली, “हे पोटाकडचं चामडं हाय, ताणंल.” अन् ते ताणलं. अशा बाईला माझी चप्पल का नको? आधी वाटलं, हिला धंद्याची लाज वाटत असंल. पण लग्नकार्यात हीच बायकांना सांगायची, आमच्याकडं या, नवरा पायात बसंल असं शिवतो. मग वाटलं, बापाच्या कामापुढं माझं हिला भरड वाटतंय. तिसरा शक तर सांगायची लाज वाटते. बाजारातल्या चप्पलवाल्याचं अन् हिचं काही ठरलेलं हाय का, हे बघायला मी एकदा हिच्या मागं गेलो. कांद्याच्या पोत्यांमागं उभा राहिलो. चप्पलवाला मोठ्यानं म्हणाला, “काकू, घरात कारखाना अन् पायात माझा माल? काका नापास झाले का?” ही हसून म्हणाली, “झाले म्हणा की.” सगळ्या बायका हसल्या. घरी येऊन मी विचारलं, “काय गं, नापास का मी?” तिनं पिठातला हात काढला नाही. म्हणाली, “चोरून बायकोच्या मागं फिरणारा पास कशाला व्हावा?”

एका दिवाळीला तर मी हट्टच धरला. कागद अंथरला, पेन्सिल घेतली अन् म्हटलं, दे पाय. तिनं कागद-पेन्सिल उचलली, आत गेली, दार लोटलं. “मीच काढून देते,” म्हणाली. आपणच वाकून आपलं माप काढलं की वजन पुढं जातं, पाय पसरतो, रेघ खोटी येते. हे मी दाराबाहेरून ओरडून सांगितलं, तरी तिनं तसंच काढून आणलं. खोट्या मापावर मी शिवत नाही. तिच्यासमोर कागद फाडला. तिला मुद्दाम खोटं माप द्यायचं होतं, अशी माझी खात्री झाली. ती कागदाचे तुकडे गोळा करत राहिली.

मग साखर आली, साखरेनं किडनी धरली. दवाखान्यात पायावर एवढी सूज की बोट दाबलं तर खड्डा राहायचा. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालवा. तिची चप्पल पायात शिरंना. विजयनं दोन नंबर मोठी आणली, त्यात पाय गेला पण टाच घसरली, अन् बाथरूमच्या दारात ती पडता पडता वाचली. म्हटलं, बास झालं, मी माप घेतो. तर तिनं पाय चादरीत ओढून घेतला. आजारी माणसावर चिडू नये, पण मी चिडलो.

“चाळीस वर्षं झाली. आता तरी सांग, माझ्या कामात खोट काय हाय?”

“कामात न्हाई हो खोट.”

“मग?”

“माप घेताना तुम्ही गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेता. नवऱ्याच्या मांडीवर पाय ठेवू का मी? कुठं फेडू ते पाप?”

म्हटलं, “एवढंच? अन् हे सांगायला तोंड नव्हतं तुला?”

“सांगितलं असतं तर दुकानात बसून सगळ्या मुदखेडाला हसून सांगितलं असतं तुम्ही. तुमचं तोंड मला ठाऊक न्हाई का?”

खरं होतं. सांगितलंच असतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कूस बदलून म्हणाली, “दे गं माय पाय. दवाखान्यात पाप-बिप बंद असतंय.”

तरी तिनं अट घातलीच. आधी मी तुमच्या पाया पडते, मग घ्या. तिला वाकता येत नव्हतं. मग मीच या वयात सलाइनचा खांब धरून खाटेवर पाय ठेवला. नर्स ओरडली, “आजोबा, उतरवा तो पाय!” सुभद्रानं दोन्ही हात माझ्या पायाला लावले, कपाळाला लावले, अन् डोळे मिटून आपला पाय पुढं केला. मी स्टुलावर बसून तो मांडीवर घेतला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो पाय मी पहिल्यांदा नीट बघत होतो. करंगळी शेजारच्या बोटाखाली दबून वाकडी झालेली. उजव्यापेक्षा डावा मोठा, दाण्याएवढा नाही, चांगला बोटभर. हा पाय एवढी वर्षं दुकानाच्या नंबरात कोंबला होता… सुजलेल्या पायाचं माप घेऊ नये, सूज उतरली की जोड वाया जातो, असं उस्ताद सांगायचा. मी घेतलं.

मुदखेडला येऊन दोन दिवसांत जोड शिवला. मऊ चामडं, रुंद पट्टा, डावी वेगळी, उजवी वेगळी. घेऊन गेलो. विजयचा हात धरून ती खिडकीपर्यंत गेली अन् परत आली, दहा-बारा पावलं. मी दम धरून उभा. मनात पक्कं होतं, ही ‘छान’ म्हणाली की समजायचं, म्हाताऱ्याचं मन राखतीय. ती खाटेवर बसली, पायाकडं बघितलं, म्हणाली, “डाव्या अंगठ्याचा पट्टा घासतोय जरा. सैल करून आणा.”

तुम्हाला सांगतो, एवढा आनंद मला कुठल्या शाबासकीनं झाला नव्हता. मन राखायला कोणी तक्रार करत नाही. म्हणजे बाकीचा जोड तिला बसला होता. डावी चप्पल पिशवीत घातली अन् संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. सकाळी तीच हातात घेऊन बसलो होतो, तेव्हा फोन आला.

तेराव्याला दान द्यायला विजयनं तयार चप्पलच आणली. त्याला बोललो नाही. एकाच माणसासाठी शिवलेला जोड त्या माणसामागं दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो, शिवून घेण्याची ही किंमत कोणी आधी सांगत नाही. पाहुणे बसले होते, त्यांना मी तिची ती पट्ट्याची तक्रार सांगत होतो. जरा गर्वानंच. विजयनं चहाचा कप खाली ठेवला.

“अप्पा, आईला पायाचं काही कळतच नव्हतं.”

“म्हणजे?”

“डॉक्टरनं माझ्यासमोर तळव्याला सुई टोचून बघितली. ती खिडकीकडं बघत बसली होती. मला म्हणाली, अप्पाला सांगू नको, ते डॉक्टरवर शक घेतील.”

“डाव्या पायाचं पण?”

“दोन्ही पायांचं. घोट्यापर्यंत.”

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. पट्टा घासतोय हे तिला कळलं कसं? डॉक्टर चुकला असंल का? चुकतात ते, माझा त्यांच्यावर पहिल्यापासून भरवसा नाही. का शेवट मला बघायला लागू नये म्हणून त्या संध्याकाळी मला घरी पाठवायचं होतं तिला? का तिला पक्कं ठाऊक होतं की ‘छान’ म्हटलेलं या माणसाला पटणार नाही, याला काहीतरी खोट काढूनच द्यावी लागंल? मी चष्मा लावून ती चप्पल उन्हात धरून बघितली. घासल्याची खूण नाही. पण दहा पावलांत खूण पडत पण नाही…

विचारणार कुणाला. काल दुकान उघडलं, आरी घेतली अन् डाव्या अंगठ्याचा पट्टा सैल केला. गिऱ्हाइकानं सांगितलं की करायचं.