बाल्कनीतली ज्वारी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे कोथरूडला राहायला आली आणि गावाकडचं शेत एकट्या दादाच्या हाती गेलं. त्या हंगामात ज्वारी कमरेच्या वर गेलीच नाही. दादा फोनवर म्हणाला, "आई, तू ठेवलेलं बी खराब निघालं."

आईनं फोन माझ्याकडे दिला आणि वॉकर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागली. पुढच्या पेरणीसाठी बी धरून ठेवणं हे घरात तिचंच काम. "बी खराब न्हाई," प्रत्येक फेरीला ती म्हणे. मी हिंजवडीहून ऑफिस करून परतले तरी तिचं तेच चाललेलं असायचं. तिला चैन पडेना, त्यामुळे मलाही.

शेवटी तिनं दादाकडे शेतातली माती मागितली. तो कांदा घेऊन मार्केट यार्डात आला, तेव्हा कुरकुरत एक गोणी टाकून गेला. आम्ही बाल्कनीत तळाला भोकं पाडलेल्या तीन बादल्या मांडल्या. एकीत नर्सरीतली माती, दुसरीत शेतातली, तिसरीत शेतातलीच पण शेणखत कालवून. तिन्हींत पेरलं आईचंच बी.

नर्सरीच्या मातीतली ज्वारी तरारून वर आली. शेतातल्या मातीतली मात्र पाणी असूनही दुपारी माना टाकायची. कामावर असतानाही माझं लक्ष तिकडेच. उपटून मुळं बघूया म्हटलं, तर आई म्हणाली, "दम धर जरा."

मग एके सकाळी ज्वारीच्या बुडाशी हिरवे, बारीक कोंब दिसले. पुढं त्यांना पांढरी फुलं आली.

"टारफुला," आई म्हणाली. "मुळाला चिकटून ज्वारीचं सगळं पितो. वर दिसतो तवा पीक आधीच गेलेलं असतंय."

मला वाटलं, आता ती निवांत होईल. पण ती जास्तच अस्वस्थ झाली, शेतात काय काय चुकलं ते मोजत बसली. बैल विकले तसं शेणखत संपलं, मधलं तुरीचं, चवळीचं पीक बंद झालं, वर्षानुवर्षं ज्वारीवर ज्वारी. माती उपाशी आणि टारफुल्याची चंगळ. शेणखताच्या बादलीतही तो आलाच, फक्त उशिरा आणि थोडा.

दादा आला, वाकून बघत राहिला. "हे तर शेतभर होतं. मला वाटलं, साधं तण."

"फुलायच्या आत उपटायचं असतं. बी धुळीएवढं, अन् मातीत कैक वर्षं जित्तं राहतंय."

त्यानं एक रोप उपटून मुळं निरखली. मग म्हणाला, "बी चांगलं होतं, आई."

ते धुळीएवढं बी माझ्या डोक्यातून जाईना. वाऱ्यानं उडून कुणाच्या रानात गेलं तर? मी रोपं जाळली आणि ती माती जुन्या कढईत थोडी थोडी भाजायला घेतली. वास जिन्यात पसरला. सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. "अहो, मातीच भाजताय? चालू द्या. चिंच-गूळ घालत असाल तर आम्हालाही वाटीभर द्या."

पुढच्या वर्षी दादानं अर्ध्या शेतात टारफुला जिच्यावर जगत नाही ती तूर घातली, उरलेल्यात कुठून कुठून शेणखत आणून टाकलं. ज्वारी बऱ्यापैकी झाली. आई काठी टेकत गावी परत गेली. अजूनही माझी मीटिंग चालू असताना तिचा फोन येतो, "वरच्या मुरमाड तुकड्यात पुन्हा निघालाय गं." मी बाहेर येते. ती उपटता उपटता बोलत असते, धापा टाकत, आणि माझं पुन्हा कामात लक्ष लागत नाही.