पणजीने पाहिलेला विषमज्वराचा जंतू

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, लग्न झाल्यावर आजीला जंतुशास्त्र शिकू कोणी दिलं? तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. पण सहजासहजी नाही.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही अंधेरीला राहत होतो. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सासूबाईंची मोठी मुलगी लहानपणीच विषमज्वराने गेली होती, त्यामुळे जंतू हा शब्दही त्यांना सहन होत नसे. तुमचे बाबा रांगायला लागले तेव्हा त्यांनी तुमच्या आजोबांना स्पष्ट सांगितलं, "जूनपासून हिचं कॉलेज बंद. घरात रांगतं पोर आहे."

त्याच सुमारास कॉलेजात पालकांसाठी प्रदर्शन भरलं. मी भीत भीत विचारलं आणि त्या चक्क आल्या. बहुधा शत्रू बघायला.

पहिल्या सूक्ष्मदर्शकाखाली दही होतं. जांभळ्या काड्या आणि जांभळ्या मण्यांच्या माळा.

"हे रोज खातो आपण?"

"हे असतात म्हणून तर दही लागतं."

"अगंबाई!"

पुढच्या टेबलावर विषमज्वराचा जंतू होता. मी म्हणाले, "हा राहू दे." पण त्या वाकल्याच. बारीक गुलाबी काड्या. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मागे रांग थांबली.

"एवढासा?" त्या म्हणाल्या. मग हळूच, "जिवंत आहे?"

"नाही. काचेवर पसरून ज्योतीवर धरतो, मग रंग देतो. मेलेला आहे."

"बरं झालं."

मी सांगितलं, की आपल्या आतड्यांतही असेच गुलाबी, काडीसारखे जंतू असतात, बहुतेक निरुपद्रवी. रंगाने दोघं सारखेच. म्हणून ओळखायला त्यांना दुधातली साखर देऊन बघायचं. आपले ती आंबवतात, हा आंबवत नाही.

"दुधाच्या साखरेलाही शिवत नाही मेला!"

मागची बाई हसली. सासूबाई हसल्या नाहीत. "आमच्या वेळी डॉक्टर म्हणत राहिले, हिवताप असेल, बघू. असं तपासून सांगितलं असतं तर वाचली असती?"

खोटं बोलवेना. "सांगता येत नाही, आई. तेव्हा औषध नव्हतं. आता आलंय. पण रोग वेळेवर ओळखायला हवा."



जूनमध्ये आजोबांनी विचारलं, "मग कॉलेजचं काय ठरलं?"

तुमच्या बाबांना कडेवर घेऊन सासूबाई म्हणाल्या, "ठरायचंय काय त्यात? जाऊ दे तिला. पोराला मी बघते."

आणि वर्षभर बघितलं. त्याचं खाणं, झोप, दुखणंखुपणं, सगळं त्यांच्याकडे. परीक्षेच्या दिवसांत तर मी हात पुढे केले तरी तो त्यांच्याच गळ्याला मिठी मारायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट, निश्चिंत मनाने मी पुस्तक उघडायची.