मी पाडलेला बांध

आमच्या गावात इंजिनिअर कॉलेजचं उन्हाळी शिबिर आठ वर्षं आलं, आन ते बंद पडलं ते माझ्यामुळं. गावात कुणी दुसरं काही सांगितलं तर ऐकू नका.

पहिल्या उन्हाळ्यात चाळीसेक पोरंपोरी शाळेत उतरली. ओढ्यावर दगडी बांध घालून पाणी अडवायचं, हे त्यांचं काम. कागदावर बांध लई देखणा. जागेवर रचला, तर चहा पिऊन येईस्तोवर आडवा! मी काठावर बसून बघत होतो. (मला कुणी बोलावलं नव्हतं. मला बोलवावं लागत न्हाई.) शेताच्या दगडी पौळी रचण्यात माझा जन्म गेला; धारूरच्या डोंगरातला दगूड मला नावानं ओळखतो. उतरलो खाली आन दाखवलं, की दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा कसा बसवायचा. त्या दिवसापासून पोरं मला सर म्हणाया लागली. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस मी, आन होणारे इंजिनिअर मला विचारायचे, दगड बरोबर बसला का? मी पायानं हलवून बघायचो आन न बोलता पुढं जायचो. सर लोक असंच करतात.

घरी आमची कारभारीण तर वर्षभर उन्हाळ्याची वाट बघायची. पोरगा चाकणला, नातवंडं फोनात. शिबिर आलं की मात्र अंगणात बसाया जागा पुरायची न्हाई. तिचा ठेचा खाऊन पोरी रडायच्या, आन डोळे पुसून परत मागायच्या.

आठव्या उन्हाळ्यात जाताना शिबिराचे मोठे सर म्हणाले, ओढ्यावर आता नव्या बांधाला जागाच उरली नाही. दिवाळीनंतर एकदा पाहणी करतो, सगळं ठीक असलं तर पुढच्या वर्षी शिबिर नांदूरघाटाकडं. हिच्या हातातली परात तशीच राहिली. मी मनात हिशेब केला: काम संपलं म्हणून पोरं जाणार. मग काम संपू द्यायचं न्हाई!

पाहणीच्या आदल्या दिवशी पहार घेऊन शेवटच्या बांधावर गेलो. वाटलं, दोन दगूड काढले की लोळंल. दुपारपर्यंत पहार मारली. पहार वाकली, बांध न्हाई. शेवटी एक खालचा दगूड सुटला, आन अख्खा बांध माझ्यासकट ओढ्यात! मी कमरेइतक्या गाळात, धोतर दगडाखाली. तेवढ्यात ही भाकरी घेऊन आली. आन तिच्या मागून सर! (एक दिवस आधीच आलेले. शिकल्यासवरल्या माणसांना वेळेचं भान नसतं.)

हिनं एका नजरंत सगळं वळखलं. पदर सावरून म्हणाली, "सर, पाण्यानं फुटला बघा. ह्यो बांध कच्चाच हुता. आता परत घालावा लागंल."

सरांनी वही काढली. म्हणाले, "खरंय. काम कच्चंच दिसतंय. म्हणजे पुढच्या वर्षी इथंच यावं लागणार."

झालं हुतं काम! मी फक्त गप बसायचं हुतं. ही डोळ्यानं खुणावत हुती, गप, गप. पण कच्चा? माझा बांध?

"कच्चा कशाचा?" मी गाळातूनच म्हणालो. "सकाळपासून पहार मारतोय, तवा कुठं हालला!"

सरांनी वही मिटली.

शिबिर नांदूरघाटाकडं गेलं. ही आठ दिवस बोलली न्हाई. नवव्या दिवशी म्हणाली, "अवो, जन्मात एकदा तरी गप बसायचं."

मग बांध मी एकट्यानं परत घातला. ठरवलं हुतं, ह्या खेपेला मुद्दाम कच्चा रचायचा. पुढच्या पाण्याला आपसूक फुटला की सरांना यावंच लागंल. दगूड तिरपा ठेवायचो, घरी निघायचो, आन अर्ध्या वाटंवरून माघारी येऊन नीट बसवायचो. तीन पावसाळे झाले. दरसाल ओढ्याला पाणी आलं की ही दारात उभी राहून विचारती, "हालला का?"

न्हाई हालला. उभ्या जन्मात एक काम बिघडवायचं ठरवलं, तेबी नीटच झालं!