पहिल्या हाकेला ओ

"ओ ऽ! आलो!"

असं ओरडत हवालदार हातातला घास टाकून उठायचे, आणि बघावं तर त्यांना कुणी बोलावलेलंच नसायचं. कुणी म्हशीला हाक मारलेली असायची, कुणी पोराला. माझ्या शाळेतली कार्टी मुद्दाम "अरे ए!" ओरडून झाडामागे दडायची. हवालदार चिडत नसत.

"अवो, ती हाक तुमची नाय," बायको आतून ओरडायची.

"असू दे गो. कुणाची तरी हाय ना."

मी तेव्हा कापडे गावी मास्तर होतो आणि हवालदारांच्या पडवीत राहत होतो. पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर बसऱ्याकडे जाऊन आलेला हा माणूस. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण चाल परेडचीच. भातलावणीच्या चिखलातसुद्धा ते डावा-उजवा चुकत नसत.

आमच्या खोऱ्यातली रीत तुम्हांला ठाऊक असेल. नसली तर सांगतो. तिन्हीसांजेला डोंगरातून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. जे माणूस नाही, ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही. हवालदारांची बायको या बाबतीत फार कडक. नवरा पहिल्याच हाकेला ओ देतो म्हणून ती मीठमोहऱ्यांनी त्यांची दृष्ट काढायची, आणि काढताना मनसोक्त शिव्या द्यायची.

एकदा मी त्यांना कारण विचारलं. त्या संध्याकाळी खोऱ्यात धुकं भरलं होतं.

"बसऱ्याला असंच धुकं होतं, मास्तर," ते म्हणाले. "दुश्मनाच्या गोळीनं आमचं विमान नदीकाठच्या बोरूच्या उंच गवतात पडलं. आत दोघं गोरे. मिसरूड फुटलेली पोरं. आमास्नी शोधाया धाडलं. मी कमरेएवढ्या पाण्यात, अन् बोरूतनं हाक आली."

"मग?"

"ओ तोंडात आलीवती. पण अंधारून आलेलं, अन् आईनं ल्हानपणापासनं शिकवलेलं. मी तिसरीची वाट बघित ऱ्हायलो. दुसरी आली, अगदी बारीक. तिसरी आलीच नाय."

धुकं विरल्यावर विमानाचा पंख तेवढा गवसला. माणसं कधीच गवसली नाहीत. हे सांगताना हवालदार रडले नाहीत. त्यांनी फक्त माझा हात धरून ठेवला होता, आणि मला भीती वाटत होती.

पावसाळा सरता सरता एका तिन्हीसांजेला आंबेनळी घाटाच्या अंगाने हाक आली. एकच. मीही ऐकली. हवालदारांनी ओ दिली आणि कंदील उचलला. बायको दारात आडवी आली.

"तिसरी तरी येऊ द्या!"

"तवर उशीर हुतो गो," असं म्हणून ते गेले.

सकाळी ते घळीत सापडले. कंदील शाबूत होता. हाक कुणी मारली होती, ते कुठल्याच वाडीला सांगता आलं नाही. रीत मोडली म्हणून गेले, असं गाव म्हणालं. मला गावाचा फार राग आला.

तेरावं उलटलं. पुढे एकदा दिवेलागणीला त्याच अंगाने पुन्हा हाक आली. आळी चिडीचूप झाली. भराभर दारं लागली. गावावर रागावणारा मीही जागचा हललो नाही.

हवालदारांची बायको चुलीपुढून उठली. तोच कंदील घेऊन अंगणात आली आणि डोंगराकडे तोंड करून तिनं ओ दिली.

"अगो, ती हाक तुझी नाय!" शेजारीण दाराआडून कळवळली.

"कुणाची तरी हाय ना," ती म्हणाली, आणि कंदील उंच धरून तशीच उभी राहिली.