पत्रकातून उडवलेली ओळ

"ओ भाई, बारात में जा रहा है क्या?"

धामणकर नाक्यावर मागचा रिक्षावाला ओरडला. मी चाळीसच्या वर जात नव्हतो. बाइकला दोन्ही टायर नवे होते आणि मला ते रुळवायचे होते.

नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो. तो रस्त्यावर घासून खरखरीत होईपर्यंत टायरची पकड कच्ची असते. म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर हळू चालवायचं, करकचून ब्रेक मारायचा नाही, वळणावर गाडी फार झुकवायची नाही. बस, एवढंच. मी पूर्वी डिलिव्हरी रायडर होतो, आता रायडरांच्या युनियनचं काम करतो, त्यामुळे हे मला पाठ आहे.

अकलोलीला जायचं होतं. रविवार होता, रस्ता मोकळा होता, टायरही रुळले असते आणि कामही झालं असतं. काम म्हणजे सुदामची सही. सुदाम कशेळीच्या वेअरहाऊसमधून पार्सल वाटायचा. आठवड्यापूर्वी वळणावर घसरला, मनगट मोडलं. कंपनीने 'रॅश रायडिंग' असा शेरा मारून आयडी ब्लॉक केला. आयडी ब्लॉक म्हणजे ॲप उघडत नाही, म्हणजे काम बंद. सोमवारी हब मॅनेजरकडे सुनावणी होती. मी झणझणीत पत्र लिहिलं होतं: खड्ड्यामुळे अपघात, जबाबदार कोण?

पोचलो तेव्हा सुदाम अंगणात प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन बसला होता.

"नऊला येतो म्हनला व्हतास. बैलगाडीनं आलास का?"

"टायर नवे आहेत रे. पहिले दोन दिवस जपून चालवावी लागते. घसरते."

सुदामने प्लास्टरच्या हाताकडे बघितलं.

"मी पडलो त्याच सकाळी टायर बदलले व्हते. दुसऱ्याच पार्सलला पडलो."

"पण खड्डा..."

"खड्डा तू लिवलास. मी कुटं म्हनलो? नवा कोरा काँक्रीटचा रोड हाय तिथं."

त्याची बायको, मंदावहिनी, घरात गेल्या आणि भिंतीवरचं आमचं पत्रक काढून घेऊन आल्या. 'झिजले टायर, घेती जीव! आजच बदला!' खाली आवळलेली मूठ. याच पत्रकाच्या जोरावर आम्ही कंपनीला टायर-तपासणी सक्तीची करायला लावली होती. फटाके वाजवले होते.

"भाऊजी, हळू चालवा असं ह्यात कुठं लिवलंय?"

लिहिलेलं नव्हतं. पहिल्या मसुद्यात होतं. मीच उडवलं होतं. मूठ मोठी करायची होती, आणि 'बदला, पण जपून' असली मिळमिळीत घोषणा कोण देतं?

सुदामने पत्र परत दिलं. "खोट्यावर सही न्हाय करायचा मी."

परतताना मी तीसनेच आलो. टायरसाठी नव्हे. सोमवारी काय बोलायचं ते ठरत नव्हतं. चूक कबूल केली तर कंपनी युनियनला वर्षभर ऐकवणार. नाही केली तर सुदामवरचा शेरा राहणार.

सोमवारी मॅनेजर मॅडमसमोर ॲपचा रेकॉर्ड मागितला. पडतानाचा वेग अठ्ठावीस.

"याला रॅश म्हणतात?"

"मग पडला कसा?"

मी सांगितलं. टायरचं, आणि पत्रकाचंही.

मॅडम खुर्चीला टेकल्या. "म्हणजे चूक तुमची!"

"अर्धी. सकाळी टायर बदलायला लावून त्याच दिवशी फुल रूट कोणी दिला? पार्सलला उशीर झाला की फोन कोण करतं?"

"आवाज खाली."

"खालीच आहे, मॅडम. एरवीचा ऐकलाय ना तुम्ही?"

त्या हसल्या नाहीत, पण फाइल उघडली. शेरा काढला. हात बरा झाला की आयडी सुरू. आणि टायर बदलल्यावर तीन दिवस प्रत्येकाला छोटा रूट. त्यांच्या कागदात 'चूक' हा शब्द कुठेही नव्हता. कंपनीकडून मी तो आजवर वसूल करू शकलेलो नाही. मी दिलेल्या लेखी जबाबात तो मी लिहिला, सहीसकट.

नव्या पत्रकातून मूठ गेली. तिच्या जागी, घोषणेच्याच आकाराच्या अक्षरात, ती उडवलेली ओळ आली. दिसायला ते औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखं दिसतं. असू दे. लोकांना काही करायला सांगायचं तर पूर्ण सांगावं, अर्धं सांगायला कंपनी आहेच.

अकलोलीला जाऊन पहिली प्रत दिली. मंदावहिनींनी ती जुन्या पत्रकाशेजारी चिकटवली.

"वहिनी, जुनं काढा ना आता."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुमी येता तवा दिसायला पायजे."