झोपाळ्याची दोरी

दोरीचा तो तुकडा मी स्वतः कापला होता. शाळेच्या अंगणातल्या चिंचेला झोपाळा बांधून झाल्यावर दोराचं टोक उरलं, त्यातला वीतभर काढून घेतला आणि उसवू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं करकचून बांधला. नव्वदच्या दशकात सांगलीत ऑटिझम हा शब्द माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतल्या एकीच्या हाताखाली मी काम शिकले. त्या आमच्या मुख्याध्यापिका, आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. पुढं त्यांनीच माझा केसानं गळा कापला. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता म्हणताना जीभ अडखळतसुद्धा नाही.

मी मूळची साताऱ्याची. डी.एड. झालं, पण प्राथमिक शाळेची ऑर्डर काही येईना. घरात बसून पोस्टमनची वाट बघण्यापेक्षा हातपाय हलव, असं म्हणून आईनं मला सांगलीला मावशीकडं पाठवलं आणि मावशीनं ओळखीनं या शाळेत चिकटवलं. पाटीवर ‘मतिमंद मुलांची शाळा’ असं लिहिलेलं. अनुदान नव्हतं, पगार नावाला होता आणि नोकरी तात्पुरती. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि मी पर्स उचलून चालू लागले. मोठ्या बाई मागोमाग फाटकापर्यंत आल्या.

“चावला ते तुला दिसलं,” त्या म्हणाल्या. “चावायच्या आधी त्यानं तीनदा कान झाकले, ते दिसलं का?”

मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी परत गेले ते कान बघायला. माझ्या या सगळ्या कामाचं मूळ एवढंच आहे.

मोठ्या बाई मुंबईला कसल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या. येताना सायक्लोस्टाइल केलेल्या इंग्रजी कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. मुलं घरी गेली की आम्ही दोघी मधे भडंगाची पुडी ठेवून त्या कागदांचा अर्थ लावत बसायचो. पुसट शाई, अवघड इंग्रजी आणि तेलकट बोटं. त्यातून आम्हाला जे उमगलं ते असं, की ज्या मुलाला शब्द कळत नाहीत त्याच्या हातात वस्तू द्यायची. जेवणाआधी वाटी, घरी जायच्या आधी चप्पल, झोपाळ्याआधी दोरी. वस्तू हातात घेऊन त्यानं तिथवर चालत जायचं. ते काम संपलं की वस्तू एका निळ्या डब्यात टाकायची आणि झाकण लावायचं. झाकण लागलं म्हणजे झालं, आता ते परत नाही.

या सगळ्याला एकच नियम होता आणि तो कुठल्या कागदात नव्हता, मोठ्या बाईंचा स्वतःचा होता. “वस्तू खोटं बोलत नाही,” त्या म्हणायच्या. “वाटी दिलीस की जेवण मिळालंच पाहिजे. भात शिजला नसेल तर वाटीला हात लावायचा नाही. आपण माणसं सारखी फिरवाफिरवी करतो, म्हणून तर ही मुलं आपल्याकडं बघत नाहीत.” मी ते ऐकून भारावून गेले होते. त्या वयात माणूस भारावून जातो आणि त्याला वाटतं आपल्याला अक्कल आली.

मग ती मुलगी आली. सहा वर्षांची, विट्याकडची. वडिलांचं दूर दक्षिणेत गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. ते दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येणार. आई तिला घेऊन सांगलीत भावाच्या घरी राहायला आली होती, केवळ या शाळेसाठी. मुलगी बोलत नव्हती. मोठा आवाज झाला की जमिनीवर लोळण घ्यायची, आणि डोक्याला काही म्हणजे काही लागलेलं तिला चालायचं नाही. आई तिच्या केसांची वेणी ती झोपल्यावर घालायची. डॉक्टर झाले होते, औंधाच्या यमाईला नवस बोलून झाला होता. पहिल्या दिवशी ती माउली मला म्हणाली, “आवं बाई, हिला समदं कळतंय. पर आमाला जे कळतंय ते हिला पटत न्हाई.” मी नंतर जे काही वाचलं त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

दोरी मी तिच्यासाठीच कापली. पहिले दोन महिने तिनं ती भिरकावून दिली. मग हातात धरायला लागली, नाकाशी नेऊन हुंगायला लागली. मग एक दिवस दोरी घेऊन माझ्यापुढं चालायला लागली. झोका झाला की डब्यात टाकून झाकण लावायची, आणि ते नीट बसलंय ना हे कडेनं बोट फिरवून बघायची. या बाबतीत ती आमच्या सगळ्या स्टाफपेक्षा शिस्तीची होती. दिवाळीनंतर एका सकाळी ती आपणहून वस्तू मांडलेल्या फळीकडं गेली, दोरी काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “दे.”

तिची आई दाराशी बसली होती. तिनं पदर तोंडात धरला. मीही रडले, लाजायचं काय त्यात. त्याच महिन्यात माझी जिल्हा परिषदेची ऑर्डर आली, कायमची नोकरी, तीही साताऱ्याजवळ. मी ती ट्रंकेत तळाशी घातली. आई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की आपल्याला आपलं काम मिळालं.

फेब्रुवारीत शाळेच्या अनुदानाची बोलणी सुरू झाली. पुण्याहून साहेब येणार, सोबत एक मोठे पाहुणे येणार, त्यांच्या शब्दाला वजन. अनुदान मिळालं तर शाळा जगणार आणि आम्ही कायम होणार. नाही मिळालं तर जूनमध्ये कुलूप. मोठ्या बाईंच्या मनात होतं की पाहुण्यांनी ही मुलगी बघावी.

“तिला मांडवात नेणार नाही,” मी म्हटलं.

“कोण नेतंय मांडवात? चार माणसं वर्गात येतील, गुपचूप बघतील, जातील. माझा शब्द आहे.”

आमच्याकडं पाहुणा यायचा आणि हलगी नाही असं होत नाही. सत्काराला फेटा नसेल तर तो सत्कारच नव्हे. संस्थेच्या एका सभासदानं पलूसहून हलगीवाले आणले, अंगणात मांडव पडला. मी सकाळीच मुलीला घेऊन मागच्या वर्गात दार लावून बसले. तिची आई आणि वडील बाहेर मांडवात होते. वडील इतक्या लांबून खास आले होते, पांढरेशुभ्र कपडे घालून पहिल्या रांगेत. हलगी फाटकाशी वाजली आणि थांबली. मुलीनं कान झाकले, मी तिच्या हातात मण्यांची माळ दिली, ती शांत झाली. भाषणं सुरू झाली.

अकराच्या सुमाराला मोठ्या बाई आत आल्या. चेहरा घामेजलेला.

“पाहुण्यांना पुढं जायचंय, आत यायला वेळ नाही. तिला बाहेर आण. दोन मिनिटं.”

“ती येणार नाही.”

त्यांनी फळीकडं बघितलं. “चिंचेखालीच आहोत सगळे. दोरी दे हातात, येईल.”

मी दोरी दिली. ती लगेच उठली आणि माझ्यापुढं भराभर चालायला लागली.

चिंचेखाली झोपाळा नव्हता. तिथं स्टेज होतं, आणि झोपाळ्याचे दोर गुंडाळून वर फांदीवर टाकलेले होते. ती स्टेजच्या पायरीशी थांबली. वर बघितलं, खाली वाकून फळ्यांखाली बघितलं. मग दोरी मोठ्या बाईंच्या पुढं धरली आणि म्हणाली, “दे.” कुणीतरी कौतुकानं माइक पुढं केला. ती परत म्हणाली, “दे. दे.” सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. न बोलणारी पोर बोलली, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वडील डोळे पुसत उभे राहिले.

पाहुणे खरंच हेलावले. माणूस वाईट नव्हता. नुकताच बांधलेला भगवा फेटा त्यांनी आपल्या डोक्यावरून दोन्ही हातांनी उचलला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. यापेक्षा मोठा मान आमच्या भागात कुणी कुणाला देऊ शकत नाही. आणि मान दिला की हलगी वाजते, ती वाजली.

ओरडायच्या आधी तिनं तीनदा कान झाकले. मी ते बघितलं.

पुढचं मला सांगवत नाही. स्वतःच्याच मनगटाला तिनं घेतलेला चावा हाडापर्यंत गेला, एवढं पुरे. आईनं तिला उचललं आणि ती माणसांतून वाट काढत निघून गेली. फेटा स्टेजच्या पायरीशी पडला होता.

आठवडाभर ती आली नाही, म्हणून मी तिच्या मामाच्या घरी गेले. मुलगी कपाट आणि भिंत यांच्या फटीत बसली होती. मी पर्समधून दोरी काढली, तर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिच्या आईनं मला पाट दिला, पाणी दिलं.

“माजा कुणावर राग न्हाई,” ती म्हणाली. “पावण्याला बिचाऱ्याला काय ठावं. मोट्या बाईंचंबी कळतंय, शाळा चालवायची हाय. पर बाई, दोरी तुमी दिलीसा.”

मला ते फार लागलं. सगळ्यांना माफी आणि बोल फक्त मला, हा कुठला न्याय, असं वाटलं. तिथून मी तडक शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही शब्द दिला होता म्हटलं, तुम्ही मला फसवलंत म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“एका मुलीपायी चाळीस मुलांच्या शाळेला कुलूप लावू का, सांग.” एवढंच बोलून त्यांनी हजेरीपट पुढं ओढला.

त्या महिन्याच्या शेवटी मायलेकी विट्याला परत गेल्या. ‘दे’ हा शब्द गेला तो गेलाच, असं मामाकडून कळलं. शाळेला अनुदान मिळालं. मला कायम केल्याची ऑर्डर मोठ्या बाईंच्याच सहीनं निघाली आणि मी ती घेतली. दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. भडंगाची पुडी परत कधी उघडली नाही. ज्या बाईनं मला कान बघायला शिकवलं, तिनं माझ्याच हातून हे करवून घेतलं, हे मला गिळता येत नव्हतं. मग राजीनामा देऊन साताऱ्याला गेले आणि दोन खोल्या भाड्यानं घेऊन पाच मुलांचा वर्ग सुरू केला. मुलं वाढली, हाताखाली चार जणी आल्या. कुणी पहिल्यांदा आईच्या ताटात हात घालतो, कुणी पहिल्यांदा चप्पल आणून देतो. समाधान मिळतं का असं लोक विचारतात. मिळतं, भरपूर मिळतं. हाताखालच्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, वस्तू खोटं बोलत नाही. वाक्य कुणाचं ते सांगत नाही. आणि सांगली का सोडली असं विचारलं की दगा झाल्याची गोष्ट सांगते.

त्या गोष्टीत मी एक बारीकशी जागा गाळत आले. मागच्या वर्गाला खिडकी होती. तिच्यातून चिंच दिसायची. त्या सकाळी आठ वाजता मी तिथं उभी राहून बघितलं होतं, दोन गडी झोपाळ्याचे दोर गुंडाळून फांदीवर फेकत होते. मोठ्या बाई “चिंचेखालीच आहोत” म्हणाल्या तेव्हा तिथं झोपाळा नाही हे त्यांना माहीत होतं, तसं मलाही होतं. दोरी फळीवरून काढायच्या आधी मी पळभर थांबले. ट्रंकेतल्या ऑर्डरची तारीख उलटून गेली होती, ते माझ्या मनात आलं. मग मी दोरी काढली आणि मुलीच्या हातात दिली. तिच्या आईला खिडकीचं माहीत नव्हतं, तरी तिनं बरोबर माणूस धरला.

साताऱ्याला वर्ग सुरू झाल्याच्या पुढच्या वर्षी मी विट्याला गेले. माफी मागायची होती, पण ती कुणाकडं आणि कशी मागायची हे ठरत नव्हतं. मुलगी दहा वर्षांची झाली होती, उंच, केस बारीक कापलेले. वडिलांनी सोप्यात झोपाळा टांगला होता. आईनं मला ओळखलं, बसा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मी पर्समधून दोरी काढली. मुलीपुढं धरली. तिनं बघितलं, जवळ आली आणि दोरी घेतली. नाकाशी नेली. मला वाटलं, ओळखलं हिनं, आता झोपाळ्याकडं जाईल, आता मला हाताला धरून नेईल.

ती माझ्या मांडीवरच्या पर्सवर वाकली. दोरी आत टाकली. चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, ती पुरती लागली आहे ना हे बोट फिरवून बघितलं, आणि झोपाळ्यावर जाऊन एकटी बसली.