आत्याबाईंचा मुक्काम

आमच्या आत्याबाईंनी आमच्या घराला वीस वर्षांत एकदाही घर म्हटलं नाही.

माझ्या सासूबाई. काल सकाळी गेल्या.
नव्वदीच्या पुढे होत्या. नक्की वय देवालाच ठाऊक.

कुणी विचारलं, "म्हातारे, घर कुठं?" की म्हणायच्या, "मुक्काम कुपवाडला हाय सध्या."

मला लागायचं ते. पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं घर. रोजची पूजा कधी चुकवली नाही इथं.

पण त्यांचंही खरं होतं.
लग्न होऊन ज्या घरात आल्या, ते कोयना धरणाच्या पाण्यात गेलं.
दुसरं उभं केलं, ते भूकंपात बसलं. ऐन थंडीत लेकरं घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या.
दुष्काळात खडी फोडली.
मग ह्यांच्या नोकरीपायी सांगलीत नदीकाठी भाड्याची खोली. तिथं महापूर.
प्रत्येक वेळी साहेब लोक सांगायचे, "थोड्या दिवसांचं आहे, बाई."

कुपवाडला आलो, तरी त्यांची तुळस तेलाच्या डब्यातच.
एकदा त्या लेकीकडे मेढ्याला गेल्या, तेव्हा मी दारात सिमेंटचं वृंदावन बांधून घेतलं. वाटलं, खूश होतील.

आल्या. वृंदावनाभोवती एक फेरी मारली.
"ह्ये उचलायचं कुणी गं?"
"आवं, कशाला उचलायचं आत्याबाई?"
"तुला काय म्हाईत. तू एकदाच तर उठलीस."


वृंदावनात माझी तुळस, डब्यात त्यांची. पाणी दोन्हींना मीच घालायचे.

नंतरचे पूर, कोरोना, सगळं इथंच निघालं. मुक्काम काही हलला नाही. 'मुक्काम' हा शब्दही नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात होत्या. पाच दिवस स्टुलावर बसून माझी पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, आता वयच झालंय.
आत्याबाईंचं एकच चाललेलं, "घरी न्या."

ह्यांना रडू आवरेना. म्हणाले, "आये, गावावर धरणाचं पाणी हाय. कुठं न्यू तुला?"

त्यांनी डोळे उघडले.
"गावाचं कोण म्हणतंय रं? कुपवाडला चल. घरी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी भरायला घेतली. चादरीची घडी काही नीट जमेना.

दोन दिवस घरी होत्या. शांत होत्या.

आत्याबाई, लय ठिकाणांहून उठवलं तुम्हाला.
आता निवांत पडा.
सुनेचा शेवटचा नमस्कार.